आधी तुमची बकरी बांधा : इंझोरीकडचा एक पोळा

पोळा पाहायला कोणी मुद्दाम प्रवास करतं का, असं स्टाफरूममध्ये मला विचारलं गेलं, तेव्हा मी म्हटलं, "लोक बर्फ पाहायला काश्मीरला जातात, मी बैल पाहायला इंझोरीला चाललेय. आपापली आवड." खरं कारण सुलोचना होती. अमरावतीच्या वसतिगृहात आम्ही दोघींनी एक खोली आणि एकच आरसा वापरला होता, आणि त्या आरशावरून रोज भांडलो होतो. पुढे ती आपल्याच गावी, बोरखडीला, शाळेत शिकवू लागली आणि मी अमरावतीत राज्यशास्त्र. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून वर्ष-दोन वर्षं झाली होती. तिच्या गावचा एक माणूस बाजाराला आला, तो निरोप घेऊनच: "सुलूबाईनं पोळ्याले बलावलं. येताना तुमची ती राष्ट्रं घेऊन येजा म्हने."

माझी राष्ट्रं म्हणजे काय, ते सांगते. त्या काळात मला एका विषयाचं वेड लागलं होतं. जगातले देश हवापाण्याची चिंता करायला एकत्र बसू लागले होते. गिरण्यांचा, मोटारींचा धूर आभाळात साठतोय, त्यानं एक दिवस पृथ्वीचं हवामान बिघडेल, असं काही शास्त्रज्ञ म्हणायला लागले होते. पण देश एकमेकांकडे बघत बसलेले. श्रीमंत म्हणत, सगळ्यांनी आवरा. गरीब म्हणत, तुम्ही पोटभर जेवलात आणि आता आम्हाला उपासाचं पुण्य सांगता? आणि दोन बडे देश म्हणत, आम्ही एक भोंगा बंद केला तर समोरचा दोन लावेल. मी हे वर्गात, घरी, भाजीवाल्याकडे, सगळीकडे सांगत सुटले होते. लोक मला टाळू लागले होते. सुलूनं मात्र आवतण धाडलं.

बडनेऱ्याहून मोठ्या गाडीनं मूर्तिजापूर, आणि तिथून छोटी गाडी. लाडाची शकुंतला. तेव्हा ती वाफेच्या इंजिनावर धावायची, म्हणजे धावायची असं आपण प्रेमानं म्हणायचं. कारंजाचं तिकीट इतकं स्वस्त, की त्यात चहाचा एक कप आणि भजी आली असती, फार तर. मी हौसेनं खिडकी पकडली आणि पहिल्याच वळणावर इंजिनाचा सगळा धूर माझ्या तोंडावर आला. समोरच्या आजींनी खिडकी लावायला सांगितली. मागच्या बाकावरच्या माणसानं सांगितलं, आधी पुढच्या डब्याच्या खिडक्या लावा, धूर तिकडून येतो. पुढच्या डब्यानं ओरडून कळवलं, आधी तुमच्या. कारंजापर्यंत एकही खिडकी लागली नाही आणि आम्ही सगळे सारख्याच रंगाचे होऊन उतरलो. माझं व्याख्यान मला गाडीतच मिळालं होतं.

कारंजाहून मानोऱ्याची एसटी. रस्ता डांबरी होता, पण मधूनमधून त्याला ते आठवत नसावं. इंझोरीच्या फाट्यावर सुलू बैलगाडी घेऊन उभी होती. गाडी हाकायला तिचे बाबा. मला पाहून ती आधी हसली, मग पदरानं माझं तोंड पुसलं.

"कुंदे, तू काय इंजिन हाकत आली का व?"

(तेव्हा वाशिम जिल्हा नव्हता, हे सगळं अकोला जिल्ह्यात धरायचे. बोरखडी आणि शेजारचं सावळापूर ही नावं मी बदलली आहेत. दोन्ही गावांत माझं अजून बरंच जेवण व्हायचं आहे.)

काळ्या मातीत चाक रुतत, निघत आम्ही बोरखडीला पोचलो. वाटेत सुलूनं गाडी थांबवली आणि एक टेकडी दाखवली. तिच्या अलीकडे बोरखडी, पलीकडे सावळापूर, दोन्हींच्या मधून एक ओढा. टेकडी दोन्ही गावांची, म्हणजे कोणाचीच नाही. आजूबाजूला पाऊस पिऊन सगळं हिरवंगार, आणि टेकडी मात्र भादरलेल्या डोक्यासारखी.

"मांगच्या साली सारी शाळा घेऊन झाडं लावली," सुलू म्हणाली. "सीताफळ, कडुनिंब, बोर. दिवाळीपर्यंत काडी राह्यली नाही. त्यांच्या शेळ्यांनी खाल्लं, असं आमचं गाव म्हनते. आमच्या शेळ्यांनी खाल्लं, असं त्यांचं."

"आणि खरं काय?"

"शेळ्यांनी खाल्लं."

शाळेच्या ओसरीवर तुपाच्या रिकाम्या डब्यांमध्ये नवी रोपं रांगेत उभी होती. डब्यांच्या बुडाच्या भोकांतून मुळं बाहेर डोकावत होती. आता याच पावसात ती जमिनीत गेली नाहीत तर डब्यातच मरणार होती. रोपं देणाऱ्या नर्सरीवाल्यानं बजावलं होतं, की यंदा जगली नाहीत तर पुन्हा या गावाला रोप नाही. टेकडी उघडी पडल्यापासून ओढा माघातच आटायचा, आणि मग बायका कुठून कुठून पाणी आणायच्या, त्यात सुलूची आईही होती. दोन्ही गावांनी मिळून टेकडीवरची चराई बंद केली तरच काही होणार होतं. एकानं केली तर दुसऱ्याच्या शेळ्यांना मेजवानी. म्हणून कोणीच करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत सुलूनं 'जगाची सभा' भरवली. मुलांची नव्हे, मोठ्यांची. बोरखडीचे सरपंच वामनराव आले, सावळापूरचे दौलतराव पाटील आले, आणि दोघांच्या मागे आपापलं गाव. मी धुराची गोष्ट सांगितली. मग सुलू म्हणाली, आता आपण एक खेळ खेळू, एकेक गाव एकेक देश होईल.

"आमी अमेरिका," वामनराव ताबडतोब म्हणाले.

"कायची अमेरिका? अमेरिका आमी," दौलतराव उठलेच. "तुमच्या गावात सायकली किती, आमच्यात किती, मोजा."

बराच वेळ यावरच गेला. शेवटी बोरखडी अमेरिका आणि सावळापूर रशिया, असं ठरलं, तेही रशियाकडे अणुबॉम्ब आहे याची मी खात्री दिल्यावर. मागे बसलेल्यांना गरीब देश केलं, तेव्हा ते रुसले. मग सुलूनं गोडीत विचारलं, की सगळ्यांत जास्त धूर मोठ्या देशांचा आहे, तर भोंगे आधी कोण बंद करणार?

वामनरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"बाई, आमी कायची अमेरिका? आमच्या शाळेचं छप्पर गळून राह्यलं. आमी गरीब देश हाओ."

"आमी त त्याच्याहून गरीब," दौलतराव म्हणाले.

मी इतकी हसले की मला ठसका लागला. ज्या दुखण्यावर मी वर्षभर तास घेत होते, ते या दोघांनी चहा येईपर्यंत करून दाखवलं होतं. पण सुलू हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "आन् टेकडी? तिची चराई आधी कोन बंद करीन?"

"टेकडीचं येगळं हाय," वामनराव म्हणाले.

"त्यांनी आधी आपली बकरी बांधावी, मंग आमी पाहू," दौलतराव म्हणाले. आणि जगाची सभा चहा पिऊन बरखास्त झाली.

संध्याकाळी घरोघरी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकले जात होते. सुलूच्या घरीही. तिच्या बाबांनी धम्म घेतल्यापासून आपली जोडी तोरणाखाली नेणं सोडलं होतं. पूर्वी नेत तेव्हा त्यांना सगळ्यांत शेवटी उभं राहावं लागे, हे मला सुलूनं वसतिगृहातच सांगितलं होतं. पण बैलांचा लाड कमी नव्हता. घरीच आंघोळ, घरीच झूल, घरीच पुरणपोळी. "बैलानं मेहनत केली ना, मंग त्याचा सण," एवढंच ते म्हणाले आणि बैलाच्या मानेला हळद चोळत राहिले. सुलू मात्र जेवली नाही. ओसरीवर जाऊन एकेका डब्यात पाणी घालत बसली. मला फार वाईट वाटलं. मोठमोठ्या शब्दांची पेटी घेऊन मी आले होते आणि त्यातला एकही तिच्या उपयोगी पडला नव्हता.

थोड्या वेळानं अंगणात कोणीतरी खाकरलं. बोरखडीचा झडतीवाला, किसन. सुलू त्याला घेऊन बाजूला गेली, कुजबुजली, तो मान हलवत गेला. काही वेळानं मागच्या दारानं दुसरा एक माणूस आला, त्याच्याशीही तेच. मी विचारलं तर म्हणाली, "उद्या समजीन तुले. झोप आता."

झडती म्हणजे काय, हे वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहतात तेव्हा जमलेल्यांतले हजरजबाबी लोक मोठ्यानं यमकं म्हणतात. सरकारला टोमणे, शेजाऱ्याला चिमटे, कोणालाही सोडायचं नाही. झडतीला उत्तर झडतीनंच द्यायचं, रागवायचं नाही. आणि एक अलिखित नियम असा, की तोरणासमोर सगळ्या गावादेखत बोललेलं मागे घ्यायचं नाही. बोरखडी आणि सावळापूरचा पोळा ओढ्याकाठच्या एकाच मैदानात भरायचा. तोरण तोडायचा मान एक साल इकडच्या बैलाला, पुढच्या साली तिकडच्या. त्यावरून कधी भांडण झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मान घ्यायला पाळी लावता येते, टेकडी सोडायला का नाही, हे मी कोणाला विचारलं नाही. पाहुणीनं किती बोलावं, यालाही मर्यादा असते.

यंदा मान बोरखडीचा होता. दुपार कलली तसे बैल येऊ लागले. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, पाठीवर आरशांच्या झुली. डफडं वाजायला लागलं. आम्ही दोघी मैदानाकडेच्या शाळेच्या ओसरीवर, रोपांच्या डब्यांमध्ये उभ्या. सावळापूरकडून पहिली झडती आली.

"बोरखडीची विहीर, तिले नाई तळ,
बादली टाकली खाली, वरती आला गाळ!
हर बोला, हर हर महादेव!"

मैदान गर्जलं. किसननं उत्तर दिलं.

"सावळापूरचा पाटील, मिशीले देते पीळ,
मांगते तूप पोळीवर, घरात नाई तीळ!"

दौलतरावांनी हसत हसत मिशीला पीळ दिला, म्हणजे नियम पाळला. अशा बऱ्याच झाल्या. मग सावळापूरचा झडतीवाला पुढे आला, आणि मी त्याला ओळखलं. रात्री मागच्या दारानं आलेला तोच.

"टेकडीवर होतं झाड, झाडावर होतं पान,
बोरखडीच्या बकरीनं केलं त्याचं दान.
आवरा तुमची बकरी एक साल दाव्याले,
मंग म्हनू बोरखडीत माणसाले हाय मान!"

माझं लक्ष सहज सुलूकडे गेलं. तिचे ओठ हलत होते. शब्दन् शब्द, त्याच्याबरोबर.

मैदानात हशा पिकला, पण बोरखडीची माणसं चुळबुळली. वामनरावांचा चेहरा लाल. किसन पुढे आला, छाती काढून.

"एक साल कायले म्हनता? दोन साल घ्या,
आमचं दावं पक्कं हाय, तुमचं पाहून या.
सावळापूरची शेळी जर टेकडीवर दिसली,
पुढच्या पोळ्याचा मान आमच्याच बैलाले द्या!"

सुलूचे ओठ याही झडतीबरोबर हलले. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही गावचे झडतीवाले दरसाल चोरून तिच्याकडेच येत. एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. जिच्या घरची जोडी त्या तोरणाखाली उभी राहत नव्हती, तिचंच यमक तोरणाच्या दोन्ही बाजूंनी बोलत होतं.

"सुले, तू म्हणजे…"

"चूप. अजून संपलं नाही."

पुढच्या सालचा मान सावळापूरचा होता. तो पणाला लागल्याचं कळताच तिकडे एकच गलका झाला. आणि मग जे झालं ते सुलूनंही लिहिलेलं नव्हतं. दौलतराव पाटील स्वतः तोरणासमोर आले. झडती-बिडती काही नाही, यमक नाही, सरळ आरोळी.

"तीन साल! सावळापूर तीन साल आपलं एक ढोर टेकडीवर चढू देनार नाही. आन् तुमचं दिसलं, त मान आमचा! बोला!"

सुलूचे ओठ मिटलेले होते आणि डोळे हे एवढे मोठे झाले होते.

वामनरावांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं, बैलसुद्धा. "मंजूर!" ते ओरडले. "हर बोला!" डफडं वाजलं, मानाच्या बैलानं तोरण तोडलं. सुलूनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती रडत होती आणि हसतही होती, आणि मीही.

त्या दिवशी पुरणपोळ्या किती खाल्ल्या ते लिहीत नाही. आमच्या घरचे लोक हे वाचतात.

पोळ्याची कर, म्हणजे दुसरा दिवस. सकाळी दोन्ही गावांनी शाळेतले डबे उचलले, आणि आमचे जास्त की तुमचे, या चुरशीत दुपारपर्यंत सगळी रोपं टेकडीवर लागली. आम्ही दोघी मग मानोऱ्यावरून बंजाऱ्यांच्या पोहरादेवीला गेलो. रामनवमीला तिथे मुंगीला पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. त्या दिवशी मात्र आवार रिकामं होतं, दर्शन निवांत झालं, आणि बाहेर एका बाईकडून ज्वारीची भाकर आणि मिरचीची चटणी मिळाली. अशी चटणी की कान गरम झाले. तिथेच झाडाखाली टेकडीच्या पायथ्याच्या तांड्याचे नाईक भेटले. ते सुलूला ओळखत होते.

"बाई, टेकडी बंद झाली म्हंतेत. दोन गावाईनं ठरवलं. आमच्या तांड्याची ढोरं बी तिथंच चरतेत. आमाले कोनं इचारलं?"

सुलूनं हातातली भाकर खाली ठेवली. मीही. आमच्या दोन बड्या देशांच्या आनंदात तिसरा कोणी आहे, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. आणि हाच मुद्दा मी वर्गात फळ्यावर लिहीत असे!

"चुकलं, नाईक," सुलू म्हणाली. "तुमीच सांगा आता, काय कराव?"

नाईकांनी घासाघीस सुरू केली. ढोरं चढवणार नाही, पण गवत विळ्यानं कापून न्यायची मुभा पाहिजे, आणि ती तांड्याला आधी. गावांना नंतर. सुलू म्हणाली, सगळ्यांना बरोबरीनं. शेवटी ठरलं, की दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला जातो, म्हणून त्याआधीचं गवत तांड्याचं आणि नंतरचं गावांचं. दोन्ही सरपंच-पाटलांना हे पटवायला सुलूला पुढे बराच चहा प्यावा लागला म्हणे. मी तोवर शकुंतलेच्या धुरात परत निघाले होते. या वेळी खिडकी मी आधी लावली. समोरच्यांनी पाहिलं, आणि काय आश्चर्य, कोणीच लावली नाही.

आता तुम्हाला जायचं असेल तर: छोटी गाडी बंद आहे, तिची वाट पाहू नका. मूर्तिजापूर किंवा अकोल्याहून कारंजा, तिथून मानोरा रस्त्यानं इंझोरी, पुढे पोहरादेवी. रस्ते चांगले झालेत. पोळ्याला गेलात तर कोणाच्याही घरी जेवायला बसवतील, पोट रिकामं ठेवून जा.

आणि टेकडी? तीन सालं पाळली गेली का, असं मला कोणीही विचारतं. पाळली गेली. झाडांची राखण फारशी कोणी केली नाही. दोन्ही गावांनी एकमेकांची राखण केली. समोरच्याची शेळी सापडावी म्हणून माणसं आळीपाळीनं टेकडीवर बसायची, आणि तेवढ्यात झाडं वाढली. तीन सालांनंतर उठवायचं कोणी, आधी कोण म्हणणार, यावर पुन्हा तंटा झाला आणि बंदी तशीच राहिली. ओढा आता माघात आटत नाही. सुलूच्या आईनं शेवटची काही वर्षं दारातल्या विहिरीचं पाणी भरलं.

पुढे मी निवृत्त होईपर्यंत राष्ट्रांच्या परिषदा शिकवल्या. परिषदा वाढत गेल्या, धूरही. दरवर्षी एखादा बडा देश आपण फार गरीब असल्याचं सांगतो, आणि मला वामनरावांची टोपी दिसते. मी विद्यार्थ्यांना म्हणायचे, चढाओढ वाईट नाही रे, ती कशाची लावता ते बघा. जगाला एक तोरण पाहिजे, सगळ्यांदेखत बोलायला. आणि दोन्हीकडच्या झडत्या लिहिणारी एक सुलू. मुलं हसायची. परीक्षेत मात्र हे कोणीच लिहीत नसे, आणि मी गुण कापत नसे.

टेकडीवर सीताफळं पहिल्यांदा लागली, तेव्हा एसटीच्या टपावरून माझ्या दारात दोन टोपल्या आल्या. एक बोरखडीनं धाडलेली, दुसरी सावळापूरनं. सोबत दोन्ही गावांचा एकच निरोप: कोणत्या बाजूचं जास्त गोड, ते म्याडमनं नक्की कळवावं. तेव्हापासून दरसाल टोपल्या येतात, सुलू गेल्यावरही यायच्या थांबल्या नाहीत, आणि दरसाल तोच निरोप. मी दोन्ही टोपल्यांतली मनसोक्त खाते. मला कळलंही आहे. पण मी आजवर कळवलेलं नाही.